शेवटच्या रांगेतला आवाज

बाळीमावशी गेली ती रविवारी भर दुपारी, मराठी उपासना सुटल्यावर आणि सिंधी मंडळी यायच्या आधी. रंजना खालून पाण्याची कळशी भरून वर आली, तेव्हा मावशी शेवटच्या रांगेत भिंतीकडच्या खुर्चीवर बसलेली होती. डोकं भिंतीला टेकलेलं, हात मांडीवर, गळ्याभोवती पांढरा सुती रुमाल. डुलकी लागली असेल म्हणून रंजनाने तिच्या खांद्याला हात लावला. अंग गार नव्हतं, पण त्यात कोणी नव्हतं. हे रंजनाला लगेच कळलं.

ती ओरडली नाही. त्या हॉलमध्ये मोठ्याने बोलायची तिला सवयच नव्हती.

हॉल म्हणजे अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या कारखान्याचा वरचा मजला. खाली अजून तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास यायचा. वर दर रविवारी तीन मंडळ्या पाळीपाळीने जमायच्या. सकाळी साडेसातला मलयाळी, दहाला मराठी, साडेबाराला उल्हासनगर कॅम्प एकहून येणारे सिंधी विश्वासणारे. ख्रिस्त तिघांचा एकच, पण कपाटं तीन होती, कुलुपं तीन आणि प्रभुभोजनाचे पेले तीन तऱ्हेचे. एक मंडळी जिना उतरत असायची तेव्हा दुसरी चढत असायची, आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या चपलांकडे बघत एकमेकांना वाट द्यायची. भांडण नव्हतं. ओळखच नव्हती.

ओळख होती ती फक्त रंजनाला. तीच हॉल उघडायची, झाडायची, खुर्च्या मांडायची. ती ठाकर समाजातली, बारवी धरणाच्या वरच्या अंगाच्या एका पाड्यावरची. नवरा गेल्यावर बदलापूरच्या बेलवलीत एक खोली घेऊन राहत होती. आईची चुलतबहीण बाळी, तिला कोणी उरलं नाही म्हणून रंजनाने आपल्याकडे आणली होती. रविवारी म्हातारीला खोलीत एकटं कसं ठेवायचं, म्हणून ती तिला बरोबर आणायची आणि मागच्या खुर्चीवर बसवायची. सकाळी साडेसातपासून दुपारी दोनपर्यंत मावशी तिथे बसून तिन्ही उपासना ऐकायची. तीन वर्षं हे असं चाललं होतं.

त्या दुपारी हॉलमध्ये भारती होती. ती बदलापूरच्या आगरी घरातली सून. येशूच्या मागे गेल्यापासून सासरच्यांनी तिच्याशी जेवणाखाण्याचा व्यवहार सोडला होता. मराठी मंडळीचे पेले पुसून ती कपाटात ठेवत होती.

"भारतीताई," रंजना हळूच म्हणाली, "मावशी गेली."

भारतीच्या हातातला पेला तसाच राहिला. "गेली म्हणजे? आत्ता तर बोलली ती माझ्याशी."

रंजनाने ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. माणूस दचकला की काहीही बोलतो. ती जिना उतरून समोरच्या इमारतीत राहणाऱ्या अलेयम्माकडे धावली. अलेयम्मा मलयाळी मंडळीतली, सत्तरीची, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. ती तशीच घरातल्या झग्यावर आली. नाडी पाहिली, पापणी उचलून डोळे पाहिले आणि ओळखीच्या डॉक्टरला फोन केला. डॉक्टर आले, ते मावशीला आधीपासून तपासत होते. हृदय थांबलं, असं त्यांनी दाखल्यावर लिहून दिलं.

एवढ्यात सिंधी मंडळी यायला लागली. त्यांचे पुढारी जयदेवभाई, कॅम्प एकमध्ये कापडाचं दुकान असलेले, दारातच थांबले. त्यांनी त्या दिवसाची उपासना थांबवली. पुरुष खाली गेटपाशी जाऊन उभे राहिले. मराठी मंडळीचे पाळक साईनाथ अर्ध्या वाटेवरून परत आले, तेही खाली थांबले. वर चौघी बायका राहिल्या. रंजना, भारती, अलेयम्मा आणि जयदेवभाईंची सून रिद्धी. तिचं वर्षभरापूर्वी पोटातलं मूल गेलं होतं आणि तेव्हापासून ती कोणाशी फारशी बोलत नसे.

"पाणी गरम कर," अलेयम्मा म्हणाली. "आपण धुवून घेऊ."

चहाच्या शेगडीवर पाणी ठेवलं. दोन बाकं जोडून त्यांनी मावशीला आडवी केली. अलेयम्माने ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसलं, गाल पुसले आणि म्हणाली, "आता माझ्याबरोबर खालच्या सुरात कोण गाणार?"

"काय?" रंजना म्हणाली.

"तुझी मावशी. मी वरच्या सुरात गाते, ती मागून खालचा धरायची. मी ओळ विसरले की पुढची ओळ मागून यायची. मलयाळम इतकं साफ कुठे शिकली ती? मी खूप वेळा विचारायचं ठरवलं. पण उपासना संपली की घाई, दुसरे लोक येतात."

"मलयाळम नाय," भारती म्हणाली. "आमच्यासारखी बोलायची ती. आगरी. मी रडत बसले ना त्या कोपऱ्यात, सासूने ताट वेगळं केलं त्या वेळी, तर मागून म्हणाली, बाय, ऊठ. बाय म्हणायची फक्त माझी आई. आज पण म्हणाली. पेले पुसताना. मी मागे न बघताच हो म्हटलं."

रिद्धी भिंतीला टेकून उभी होती. तिने ओढणीने तोंड दाबलं. "मेरे साथ तो वो सिंधी में बोलती थी," ती म्हणाली. "नानी जैसी सिंधी. आमच्या घरात आता कोणी तशी बोलत नाही. बाळ गेलं तेव्हा सगळे म्हणाले, गप्प राहा, दुसरं होईल. हिने एकटीने त्याचं नाव विचारलं. मी नाव सांगितलं तिला. नवऱ्याला पण सांगितलेलं नाही ते."

रंजना तिघींकडे आळीपाळीने बघत राहिली. तिच्या हातातल्या तांब्यातलं पाणी कधी सांडायला लागलं ते तिला कळलं नाही. गेल्या वर्षी एका मलयाळी बाईने जिन्यात तिला थांबवून म्हटलं होतं, तुमची मावशी फार छान गाते. रंजनाला वाटलं होतं, बाईला मराठी येत नाही, दुसरंच काहीतरी म्हणायचं असेल.

ती पुढे झाली. मावशीच्या मानेखाली हात घालून तिने त्या पांढऱ्या रुमालाची गाठ सोडली.

गळ्याच्या खालच्या बाजूला, दोन हाडांच्या मधे, रुपयाएवढं भोक होतं. कडा जुन्या, गुलाबी, नीट भरून आलेल्या.

"आठ वर्षं झाली," रंजना कुजबुजली. "घशात गाठ होती. मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं, तेव्हा आवाजाची पेटीच काढली. श्वास इथून घ्यायची. काही पाहिजे असलं की चुटकी वाजवायची. आठ वर्षांत तिच्या तोंडातून एक शब्द आला नाही."

अलेयम्मा वाकली. बोटाने त्या कडेला हलकेच स्पर्श केला. तेवीस वर्षं ती कान-नाक-घशाच्या वॉर्डात होती, अशी भोकं तिने शेकड्याने धुतली होती. ती सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"याच्यातून आवाज येत नाही," ती म्हणाली. "येऊच शकत नाही."

शेगडीवरचं पाणी खदखदत होतं. खाली कुठेतरी ट्रक मागे घेत होते, त्याची पिपाणी वाजत होती. लख्ख ऊन होतं आणि खिडक्यांच्या मळकट काचांतून ते खुर्च्यांवर पडलं होतं.

आणि मग तिघींनी एकदम मान वळवली.

अलेयम्मा, भारती, रिद्धी. एकाच क्षणी, एकाच दिशेला, शेवटच्या रांगेकडे. कोणी नाव घेऊन हाक मारावी तशी. रंजनानेही तिकडे बघितलं. रिकामी खुर्ची. भिंतीवर डोक्याच्या तेलाचा डाग. तिला काहीही ऐकू आलं नव्हतं.

"काय झालं?" तिने विचारलं.

भारतीने रिद्धीचा हात धरला. ही आगरी बाई तीन वर्षांत सिंधी मंडळीतल्या कोणाच्या हातचं पाणी प्यायली नव्हती, आणि आता तिने त्या मुलीचा हात असा धरला होता की बोटं पांढरी पडली.

"ती विचारते," भारती म्हणाली. "मला कुठे ठेवणार?"

"किथे?" रिद्धी पुटपुटली. "मैंने भी यही सुना. कुठे ठेवणार."

अलेयम्माने नुसती मान डोलावली.

"मला का नाही आलं ऐकू?" रंजना दबक्या आवाजात म्हणाली. आठ वर्षं तिने ते भोक धुतलं होतं, कफ काढला होता, रात्री उठून श्वास चालू आहे ना ते बघितलं होतं. तिला भीतीच्याही आधी राग आला. "मी तिची होते ना? मला का नाही?"

अलेयम्माने फडकं पिळलं आणि मावशीचे हात पुसायला घेतले.

मावशीला कुठे ठेवायचं, हा प्रश्न मात्र खराच होता. रंजनाने सखाला फोन लावला. सखा बाळीचा पुतण्या, पाड्यावर राहणारा. तो म्हणाला, "इकडं नको आणू गं. म्हातारी तुमच्यातली झाली, असं म्हणतील लोक. मी येतो, पण जागा नाय व्हणार."

खाली गेटपाशी पुरुष तेच बोलत होते. जयदेवभाईंच्या मंडळीला दफनाची जागाच नव्हती. त्यांच्यातला कोणी गेला की नातलग येऊन अग्नी द्यायचे आणि मंडळी लांब उभी राहायची. मराठी आणि मलयाळी मंडळींच्या कबरींच्या रांगा एकाच दफनभूमीत होत्या, पण तिथल्या कमिटीच्या चिटणिसाने फोनवर सरळ विचारलं, मयत कोणत्या मंडळीची सभासद? नाव कोणाच्या यादीत आहे?

नाव कोणाच्याच यादीत नव्हतं.

रंजना जिना उतरून खाली आली. तिच्यामागे तिघी. तिने साईनाथांसमोर उभं राहून दबक्या आवाजात जे झालं ते सगळं सांगितलं. रुमाल, भोक, तीन भाषा, रिकामी खुर्ची. ती सांगत असताना जयदेवभाईंनी दोनदा आपल्या सुनेकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं, साईनाथ आता म्हणणार की हे भुताटकीचं आहे, प्रार्थना करून घालवून टाकू.

साईनाथ खाली, बंद शटरच्या पायरीवर बसले.

"तिचा आवाज मला यायचा ऐकू," ते म्हणाले.

जयदेवभाई वळून त्यांच्याकडे बघू लागले.

"दोन वर्षं. विश्वासाचे शब्द आपण सगळे मिळून म्हणतो, शेवटी आमेन म्हणतो. तो संपला की मागून एक आमेन उशिरा यायचा. एकटा. मी पुढे तोंड करून उभा, तुमची सगळ्यांची पाठ मागच्या रांगेकडे. मला दिसायचं, तिचे ओठ मिटलेले असायचे."

"पाळकसाहेब," रंजना म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी मी तिला तुमच्याकडे घेऊन आले होते. बाप्तिस्मा द्या म्हणून."

"हो. आणि मी म्हणालो, तोंडाने साक्ष द्यावी लागते, मंडळीचा नियम आहे. हिला बोलता येत नाही, पुढे बघू." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "त्याच्या पुढच्याच रविवारी तो आमेन सुरू झाला. मी कोणाला सांगितलं असतं, तर तिला बाप्तिस्मा द्यावा लागला असता. आणि मंडळीतले काही म्हणाले असते, जंगलातली बाई, काय घेऊन आलीये बरोबर. मी घाबरलो. त्यांना जास्त घाबरलो की तिला, ते अजून मला माहीत नाही."

भारतीने खाली बघितलं. असं म्हणणाऱ्यांत तीही असती, हे तिला ठाऊक होतं. मावशीपासून तीन खुर्च्या सोडून बसायची ती.

मग अलेयम्माने चिटणिसाला पुन्हा फोन लावला. स्पीकर चालू ठेवला.

"माझ्या नवऱ्याची कबर आहे तिथे," ती म्हणाली. "कुटुंबाची कबर. एकोणीस वर्षं झाली, उघडता येते. तिथे कोणाला ठेवायचं ते कुटुंब ठरवतं. बरोबर?"

"बरोबर, पण कुटुंबातलं माणूस पाहिजे, अम्मा. ती जागा तुमच्यासाठी आहे."

"मी नंतर येईन. मला तिच्या वर ठेवा."

"पण ही बाई तुमच्या कुटुंबात कशी येते?"

"तीन वर्षं ती माझ्याबरोबर गायली," अलेयम्मा म्हणाली. "माझा मुलगा दुबईला आहे, तो इतका वेळ माझ्याजवळ बसलेला नाही."

चिटणीस काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, निदान एका पाळकाची चिठ्ठी तरी लागेल. साईनाथांनी तिथेच पायरीवर बसून चिठ्ठी लिहिली. बाळी, वय अंदाजे बहात्तर, ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी. खाली सही केली आणि कागद जयदेवभाईंकडे दिला. त्यांनी सिंधीत सही केली. तिसरी सही मलयाळी मंडळीच्या पाळकांची. ते एका लग्नावरून परतताना थेट हॉलवर आले, सगळं उभ्या उभ्या ऐकलं आणि पेन मागितलं.

रात्रीपुरती बर्फाची पेटी आणली. सोमवारी सकाळी अकरा वाजता शवपेटी उचलली ती साईनाथ, जयदेवभाई, एक मलयाळी वेल्डर आणि सखा यांनी. सखा पाड्यावरच्या चौघांना टेम्पोत घालून घेऊन आला होता. ते चौघे आधी दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभे राहिले. भारतीने जाऊन त्यांना आत बोलावलं, तेव्हा आले.

कबरीपाशी साईनाथांनी जे आदल्या दिवशी पायरीवर सांगितलं होतं ते सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं, न गाळता. दोन कुटुंबं तिथून मधेच निघून गेली आणि पुढेही मंडळीत परत आली नाहीत. मग तिन्ही भाषांत प्रार्थना झाली. रंजना कान देऊन उभी होती. प्रत्येक प्रार्थना संपली की श्वास रोखायची. तिला वारा ऐकू आला, फावड्याचा खरखराट ऐकू आला. बाकी काही नाही. त्या दिवशी इतरांनाही काही ऐकू आलं नव्हतं, हे तिला मागाहून कळलं.

माती पडल्यावर सखा तिच्याजवळ आला. हात झटकत म्हणाला, "आता एक तूच राहिली."

"कशात?"

"गळ्यात गं. आठवत नाय? तुमचा दोघींचा गळा येकच व्हता. डोंगराच्या पलीकडून हाक आली, का आमाला कळायचं नाय, बाळी हाये का रंजी. माझा बाप तर कायम चुकायचा."

रंजनाला आठवत नव्हतं. मावशीचा ऑपरेशनच्या आधीचा आवाज कसा होता, तो आठवायचा तिने किती वेळा प्रयत्न केला होता. प्रत्येक वेळी डोक्यात आपलाच आवाज यायचा आणि ती प्रयत्न सोडून द्यायची.

घरी गेल्यावर तिने तोंड मिटलं ते मिटलंच. शेजारणीने विचारलं तर मान हलवायची. दुकानात बोटाने वस्तू दाखवायची. घशातून आवाज काढायचीच तिला भीती वाटायला लागली. आपण बोललो आणि त्यातून ती बोलली तर? किंवा बोललो आणि त्यात ती नसलीच तर? यातलं जास्त भयंकर कोणतं, ते तिला ठरवता येईना. हॉल झाडायला गेली तरी ती स्वतःच्या पावलांचा आवाजही होऊ देत नव्हती.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, बेलवलीच्या त्या खोलीच्या दारात रिक्षा थांबली. रिक्षातून तिघी उतरल्या. रिद्धी उल्हासनगरहून निघून अंबरनाथला अलेयम्माला घेऊन आली होती आणि भारती वाटेत चढली होती. अलेयम्माच्या हातात डबा होता. खोलीत बसायला एकच खाट होती. तिघी त्यावर चिकटून बसल्या.

"फोन उचलत नाहीस," भारती म्हणाली.

रंजनाने गळ्याला हात लावला आणि मान हलवली.

"दुखतं?" अलेयम्मा उठली, तिने रंजनाचा जबडा धरून तोंड उघडायला लावलं, खिडकीच्या उजेडात घसा बघितला. "काही नाही इथे. चांगला आहे. बोल."

शेवटी, आलेल्या माणसांना काहीतरी विचारायला हवं म्हणून, रंजनाने मोकळ्या आवाजात विचारलं, "चहा टाकू?"

रिद्धीच्या तोंडून हुंदका फुटला. भारतीने डोळे मिटले. अलेयम्माचा हात रंजनाच्या हनुवटीवर होता, तो तिथेच राहिला.

"हाच," अलेयम्मा म्हणाली. "खालचा सूर. मी दर रविवारी हॉलमध्ये तुला भेटत होते, पण तू माझ्याशी कधी मोठ्याने बोललीच नाहीस, त्या दिवशीही कुजबुजल्यासारखीच बोललीस."

"आम्हीपण कधी विचारलं नाही तिला काही," भारती म्हणाली.

रंजनाने शेगडीवर भांडं ठेवलं. पाठीमागून रिद्धी म्हणाली, "और बोलो ना, दीदी. तिच्याबद्दल सांगा. आम्हाला तिचं काहीच माहीत नाही."

मग रंजना बोलायला लागली. आधी अडखळत, घसा खाकरत. बाळीचं लग्न कसं झालं, नवरा कसा जंगलात लाकडं आणायला गेला आणि आलाच नाही. भात लावताना ती सगळ्यांच्या पुढे असायची आणि चिखलात उभी राहून गाणी म्हणायची. दवाखान्यात ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिने रंजनाला उशाशी बसवून घेतलं आणि येशूची प्रार्थना मोठ्याने म्हणून घेतली, तीनदा, नर्स ओरडेपर्यंत, कारण उद्यापासून म्हणता येणार नव्हती. हे रंजनाने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. साईनाथांनी साक्ष मागितली तेव्हाही तिला ते सुचलं नव्हतं.

तिघी खाटेवर बसून ऐकत होत्या. मधेच त्यांच्यातली एखादी खोलीच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघायची आणि पुन्हा रंजनाकडे. रंजनाला ते दिसत होतं, पण ती थांबली नाही. भांड्यातलं पाणी आटून गेलं, तिने दुसरं ओतलं आणि पुढे सांगायला लागली.